गुरुवारची मोजणी

१२ मार्च १९७९, सोमवार

आलं एकदाचं मशीन! मुंबईच्या बंदरात पाच महिने कागदपत्रांपायी अडकून पडलं होतं. आज दुपारी ट्रकनं दारात आलं आणि उतरवायला आठ माणसं लागली. वॉचमन निंगप्पानं नारळ फोडला. पाणी पेटीवर उडालं म्हणून डॉक्टर ओरडले आणि लगेच स्वतःच हसले.

आमचे डॉक्टर विरुपाक्ष कलशेट्टी अक्कलकोटकडचे. त्यांचा कुणी दोस्त परदेशात डॉक्टर आहे. तिथल्या हॉस्पिटलनं नवीन मशीन घेतलं आणि जुनं आमच्या धर्मादाय हॉस्पिटलला पाठवून दिलं. कपाटाएवढं धूड आहे. एका बाजूला चित्र दिसायचा काचेचा पडदा, दुसऱ्या बाजूला कोपरातून वाकणारा लोखंडी हात.

मी विचारलं, "हा हात पोटात घालायचा की काय?" डॉक्टर म्हणाले, "नाही सिस्टर, नुसता वरून फिरवायचा. विहिरीत हाक मारली की घुमून परत येते ना? तसा हा आवाज आत जातो आणि परत येतो. फक्त आपल्याला ऐकू येत नाही." न ऐकू येणारा आवाज! वीस वर्षं नोकरी केली, पण असली थाप कुणी मारली नव्हती.

पण मशीनची इनचार्ज म्हणून त्यांनी माझंच नाव लिहिलंय. सिस्टर विजयमाला. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग आता पगार वाढणार का?" एस्टीत कंडक्टर असलेल्या माणसाला दुसरं सुचणार काय!

१७ मार्च, शनिवार

मशीनबरोबर आलेला मलम वाटेत वाळून खडखडीत झालाय. कातडीवर काहीतरी ओशट लावल्याशिवाय आवाज आत जात नाही म्हणे. डॉक्टर म्हणाले, तेल चालेल. मी स्वयंपाकघरातून वाटीभर करडईचं आणलं आणि चाललं की! आता त्या खोलीत जन्मभर भज्यांचा वास येणार.

काम काय, तर लघवीची पिशवी किती भरलीय ते नळी न घालता मोजायचं. आजवर लघवी अडकलेल्या माणसाच्या पिशवीत किती उरलीय हे बघायचं तर नळीच घालावी लागायची. दर वेळी वेदना, दर वेळी तापाची भीती. आता म्हणे पडद्यावर पाणी काळं दिसतं. त्या काळ्या डागाची लांबी, रुंदी, उंची घ्यायची, गुणाकार करायचा आणि त्याचं निम्मं करायचं. निम्मं का? तर पिशवी म्हणजे काही चौकोनी डबा नाही, तिला कोपरे नसतात. हे मात्र मला पटलं.

आधी फुग्यात पाणी भरून तो बादलीत बुडवून मोजला. पहिला फुगा डॉक्टरांच्या अंगावर फुटला. दुसऱ्यात तीनशे सीसी भरलं होतं, मशीननं दोनशे नव्वद सांगितलं. डॉक्टर आनंदानं कन्नडमध्ये काहीतरी बोलले. मला कळलं नाही, पण मीही मान डोलावली.

२१ मार्च, बुधवार

आज माणसांवर मोजणी. चार-चार तांबे पाणी प्यायचं, तास-दीड तास दम धरायचा, मशीनखाली झोपायचं आणि मग भांड्यात करून आणायचं. मशीनचा आकडा आणि भांड्याचा आकडा शेजारी शेजारी लिहायचे.

पहिला निंगप्पा. मशीन म्हणालं सहाशे दहा, आणि हा गडी गाणं म्हणत म्हणत सहाशे चाळीस भरून घेऊन आला. वर विचारतो, "बाई, आणखी लागलं तर सांगा." ऑफिसातले कारकून मात्र कच्चे निघाले. अर्ध्या तासातच एक जण पळाला, मोजायलाही थांबला नाही.

डॉक्टरांनी मला बजावलंय, "सिस्टर, मशीन चुकलं तर दुरुस्त करता येईल. पण भांड्यात चूक झाली तर सगळंच वाया. भांडं तुमच्या डोळ्यांसमोर पाहिजे. आणि लघवी झाल्यावर पाच मिनिटांच्या आत पेशंट मशीनखाली." मी म्हटलं, काळजी नको. माझ्या डोळ्यांसमोरून मुंगीसुद्धा न मोजता जात नाही.

घरी आले तर केसर तेराचा पाढा पाठ करत बसली होती. चौथीला आहे. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि तेरा साते पंच्याण्णव! टपली दिली. तर म्हणते, "आई, तू समोर नसलीस की बरोबर येतो." काय एकेक सबबी!

४ एप्रिल, बुधवार

आज वॉर्डात आले ते माझ्या सासरच्या गावचे, मोडनिंबचे निघाले! हिंदुराव आप्पा, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. दोन दिवस लघवी तुंबून पोट नगाऱ्यासारखं झालेलं. डॉक्टरांनी लगेच नळी घातली, तेव्हा कुठं म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला.

लग्नात पाया पडले होते तेवढीच ओळख. मी पांढऱ्या टोपीवरूनच पदर घेतला, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "मामंजी, मला ओळखलं का? मी तुमची सून, अण्णारावांची धाकटी. आता काही काळजी करू नका. तुमचं सगळं मी माझ्या हातानं करणार." परक्या जागी घरचं माणूस भेटलं की पेशंटचं निम्मं दुखणं पळतं, हा माझा अनुभव. मामंजींनी डोळे मिटून घेतले. भरून आलं असणार त्यांना.

बरोबर त्यांची बायको, बजाबाई. गोड म्हातारी. तिनं सांगितलं की मोडनिंबात असं घर नाही जिथलं पोर मामंजींनी विहिरीत पोहायला शिकवलं नाही. सत्तर वर्षांचे झाले, तरी दर उन्हाळ्यात पोरांच्या पाठीला तरंगायला वाळका भोपळा बांधून स्वतः पाण्यात उतरतात. "पोरं रोज दारात येऊन इचारत्यात, आप्पा कवा येनार? ह्या नळीसंगं त्येंना पान्यात जाता येतंय व्हय गं?"

नाही येत. पण मी तिच्या हातात चहाचा कप दिला.

१० एप्रिल, मंगळवार

आज सकाळी मामंजींची नळी काढली. डॉक्टरांनी त्यांना आणि मला नीट समजावून सांगितलं. मामंजींना धापेचा त्रास आहे, छाती कमजोर आहे, त्यामुळे भूल देऊन ऑपरेशन करणं धोक्याचं. आता त्यांना आपली आपण लघवी व्हायला हवी आणि झाल्यावर पिशवीत शंभर सीसीच्या आत उरायला हवी. तसं झालं तर औषधावर घरी. जास्तच उरत राहिली तर नळी परत घालायची, ती कायमची.

दुपारी पहिली मोजणी. खाटेभोवतीचा पडदा ओढला, भांडं हातात दिलं आणि मी पडद्याला लागूनच उभी राहिले. दर दोन मिनिटांनी धीर द्यायला विचारत होते, "मामंजी, झालं का?" वीस मिनिटांनी जेमतेम एकशे वीस सीसी झाली. लगेच मशीनखाली. पिशवीत अजून दोनशे तीस.

डॉक्टर म्हणाले, पहिला दिवस आहे, होईल.

११ एप्रिल, बुधवार

आज केली नव्वद, उरली दोनशे साठ. मामंजी माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. काही हवं असलं की बजाबाईकडं बघून म्हणतात, "तिला म्हनावं पानी दे." मी वॉर्डात शिरले की चादर पार डोक्यावरून ओढून घेतात. एवढ्या उन्हाळ्यात! थंडी वाजते की काय म्हणून दोनदा ताप पाहिला. ताप नाही.

१३ एप्रिल, शुक्रवार

काल गुरुवार, माझी सुट्टी. मोजणी सिस्टर मीना कांबळेनं केली. नवीन मुलगी आहे, वर्ष झालंय नोकरीला. आज रजिस्टर उघडते तर काय, केली तीनशे तीस, उरली चाळीस!

आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मीच आज मोजली, तर उरली दोनशे चाळीस.

मीनाला धरलं. "काल तू काय केलंस?" तर म्हणाली, "काही नाही बाई. भांडं दिलं, पडदा ओढला आणि पलीकडच्या वॉर्डात इंजेक्शनं द्यायला गेले. आले तेव्हा भरून ठेवलं होतं." म्हणजे डोळ्यांसमोर नाहीच! त्या भांड्यात कुणी तांब्यातलं पाणी ओतलं नसेल कशावरून? मी तिला चार माणसांत बोलले. तोंड एवढंसं झालं पोरीचं. पण मोजणी म्हणजे मोजणी, तिथं गय नाही.

१७ एप्रिल, मंगळवार

दोनशे दहा. दोनशे पन्नास. दोनशे पंचवीस. रोज मी तास तास उभी असते. परवापासून पडदा थोडा उघडा ठेवते, न जाणो म्हातारा माणूस, तोल जायचा. तरी काही फरक नाही.

हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, आमच्या डॉक्टरांचे वरिष्ठ, आज म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर तेवीस तारखेला नळी घालू आणि घरी पाठवू. मामंजी छताकडं बघत पडून होते.

बजाबाईनं मला व्हरांड्यात गाठलं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "सूनबाई, तू लई राबतीस गं. जरा इसावा घे की. दोन दिस रजा टाक." मी म्हटलं, "छे हो आत्या, मामंजींना असं सोडून मी रजा घेईन का?" तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "तुजी सुट्टी कवा असती?" गुरुवारी म्हटल्यावर आत जाऊन मामंजींना सांगून आली. एवढा जीव लागलाय त्यांचा माझ्यावर! मी नसले की करमत नसेल.

१९ एप्रिल, गुरुवार

सुट्टी. शेंगा भाजून चटणी कुटली. केसरचा पेपर उद्या. तिला समोर बसवून पाढे म्हणून घेतले, चारदा चुकली. कंटाळून नळावर गेले तर आतून खडखडीत आवाज येत होता, तेरा साते एक्याण्णव, तेरा आठे चौऱ्याण्णव नाही एकशे चार! मी धावत आत गेले तर लगेच गप्प. हट्टी कार्टी.

मन सगळं वॉर्डात.

२० एप्रिल, शुक्रवार

काल परत पस्तीस! आणि आज माझ्याकडं दोनशे तीस!

रात्रभर विचार करून मी एक गोष्ट शोधून काढलीय. गुरुवारी आमच्या भागात विजेचा दाब कमी असतो, घरातला दिवासुद्धा पिवळा पडतो. मशीनला पुरेशी वीज मिळत नसणार, म्हणून आकडा कमी दाखवतं. डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी हनुवटी खाजवली आणि रजिस्टर उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "मशीनचं ठीक आहे सिस्टर, पण गुरुवारी भांडंही भरतं. विजेच्या दाबाचा भांड्याशी काय संबंध?" मी म्हटलं, भांड्याचं मला विचारूच नका, ते मीनाला विचारा.

मीना तिथंच उभी होती. डोळे पुसत निघून गेली. मला जरा वाईट वाटलं. पण मामंजींचा प्रश्न आहे. खोट्या पस्तीसवर त्यांना घरी पाठवलं आणि परत तुंबली तर वाटेतच जीव जायचा.

ठरलं असं, की उद्या मशीनची परीक्षा पुन्हा घ्यायची. त्यासाठी माणूस कोण? मी म्हटलं, मी. माझ्या भांड्याबद्दल तरी कुणाला शंका यायला नको.

२१ एप्रिल, शनिवार

 सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी नऊला चार तांबे पाणी प्याले. साडेदहाला मला सरळ उभं राहवेना. मीनानंच मशीनचा हात फिरवला, डॉक्टर पडद्यापलीकडून आकडे वाचत होते. पाचशे वीस! मी कशीबशी उठले, भांडं घेतलं आणि निघाले.

बायकांचं मोरीघर व्हरांड्याच्या टोकाला आहे. पत्र्याचं दार. दारासमोर बाकडं, आणि त्या बाकड्यावर वारा खात मामंजी आणि बजाबाई बसलेले! मामंजींची मोजणी माझ्यानंतर होती.

माझे पाय तिथंच थांबले. हातात ते भलंमोठं काचेचं भांडं. पदराखाली धरलं तर पोट सुटल्यासारखं दिसतं, पाठीमागं धरलं तर मागून येणाऱ्यांना दिसतं. मागं फिरले. वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मामंजी वर बघत नव्हते, पण ते वर बघत नाहीत हे सगळ्या व्हरांड्याला दिसत होतं. शेवटी डोक्यावर पदर ओढला, भिंतीला घासत गेले आणि दार लावून घेतलं.

आणि काही केल्या होईना!

चार तांबे पाणी पोटात. पाचशे वीस सीसी, मशीनची साक्ष. पिशवी फुटते की काय अशी कळ. आणि थेंब नाही. पत्र्याच्या पलीकडं दोन हातांवर माझे चुलत सासरे बसलेत. आवाज गेला तर? नळ सोडावा तर नळाला पाणी नाही. देवाचं नाव घेतलं, तेराचा पाढा म्हटला, माझासुद्धा चुकला.

किती वेळ गेला कोण जाणे. आणि बाहेरून बजाबाईचा प्रेमळ आवाज आला, "सूनबाई, झालं का गं?"

बाई गं! झालं का! अकरा दिवस, दर दोन मिनिटांनी, पडद्याला नाक लावून मी त्या म्हाताऱ्या माणसाला हेच विचारत होते. झालं का, मामंजी? आणि तेही पडदा उघडा ठेवून!

वीस वर्षांत शेकडो पुरुषांना भांडी दिली मी. युनिफॉर्म चढवला की मी कुणाची कुणी नसते, असं मला वाटायचं. पण पहिल्याच दिवशी टोपीवरून पदर घेऊन, वाकून, मीच सांगितलं होतं ना, मी तुमची सून म्हणून? त्यानंतर ते बिचारे सुनेसमोर कसे करणार? आणि सांगणार तरी कुणाला?

मी आतूनच हाक मारली, "आत्या, मामंजींना जरा तिकडं घेऊन जाता का?" मग म्हातारी जी हसत सुटली! "कळलं का गं बया आता? उटा वो, चला तिकडं, पोरीला मोकळं हू द्या." काठीचा आवाज लांब गेला. आणि मग काय सांगायचं, पाचशे दहा. मशीन अगदी बरोबर.

बाहेर आले तर बजाबाई एकटीच उभी. मी तिच्या गळ्यातच पडले. म्हटलं, "आत्या, मला आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "तू येवडी जिवापाड करतीस, तुला कसं म्हनू, तू हितनं जा म्हून? त्ये तर म्हनले, जल्मभर नळी ऱ्हायली तरी चालंल, पर सुनंचं मन मोडू नगंस."

हे ऐकून मात्र मी रडले. माझं मन मोडू नये म्हणून तो माणूस विहीर सोडायला तयार झाला होता!

डॉक्टरांना सांगायला गेले. निम्मं बोलून झालं तोवर ते खुर्चीत मागं रेलून हसायला लागले. "अय्यय्यो, सिस्टर! मी फुगा मोजला, बादली मोजली, वीज मोजली, पण सून मोजलीच नाही!" मग गंभीर होऊन म्हणाले की चूक त्यांचीही आहे, डोळ्यांसमोर भांडं हवं असं तेच म्हणाले होते. सोमवारी सकाळी मोठे डॉक्टर यायच्या आत शेवटची मोजणी. मीना करणार. मी हॉस्पिटलच्या आवारात दिसायचंसुद्धा नाही.

मीनाची माफी मागितली. चार माणसांत बोलले होते म्हणून चार माणसांतच मागितली. ती म्हणाली, "बाई, मला वाटलंच होतं हो. पण तुमच्यापुढं माझीसुद्धा जीभ अडते." म्हणजे हिचंसुद्धा!

२३ एप्रिल, सोमवार

सकाळी साडेसातपासून मी फाटकासमोरच्या रसाच्या गाड्यावर. गाडेवाला म्हणाला, बसा की बाई आत, ऊन लागेल. पण आत बसले तर गॅलरी दिसत नाही, आणि मीना आकडा तिथूनच सांगणार होती. दोन ग्लास रस प्याले, चव कळली नाही.

जीव टांगणीला लागला होता. समजा माझं सगळं चुकलं असेल तर? समजा गुरुवारचे आकडे खरंच खोटे असतील तर? आज दोनशेच्या वर आली तर दुपारी नळी. त्या विहिरीत पुन्हा कधी उतरणं नाही. दहादा वाटलं, आत जावं, नुसतं दारातून बघावं. दहादा स्वतःला रसाच्या गाड्याला धरून ठेवलं. निंगप्पा फाटकात पहाऱ्याला होता. त्याला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, बाईंना आत सोडायचं नाही. मेला दात काढून हसत होता.

साडेआठला मीना गॅलरीत आलीच नाही. जिन्यावरून धावतच खाली आली, फाटकातून बाहेर, टोपी एका पिनेवर लोंबकळतेय, आणि भर रस्त्यात ओरडली, "बाई, पंचवीस! केली तीनशे साठ, उरली पंचवीस!"

मी तिला उचललंच. रस्त्यातल्या सायकली थांबल्या. गाडेवाल्यानं विचारलं, "काय, लॉटरी लागली?" मी म्हटलं, "हो!" आणि सगळ्या वॉर्डाला रस सांगितला.

मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावरचा तो एवढासा काळा डाग पाहिला आणि कागदावर लिहिलं, घरी सोडा. दुपारी दोनला मामंजी फेटा बांधून निघाले. मी व्हरांड्याच्या खांबाआड उभी. जाता जाता बजाबाईला म्हणाले, मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं, "सुनंला सांग, पुरीला घिऊन ये सुट्टीत. पवायला शिकवतो."

२० मे, रविवार, मोडनिंब

हॉस्पिटलातून निघताना डॉक्टर म्हणाले की मोडनिंबचे आणखी तीन म्हातारे तपासायला येऊन गेले, तिघंही गुरुवारी. साऱ्या गावाला माझी सुट्टी पाठ झालीय. डॉक्टरांनी आता नियमच करून टाकलाय, भांडं द्यायचं आणि लांब जायचं. मोजायची ती नंतर. मीना तर भांडं ठेवल्यावर मुद्दाम चपला वाजवत जाते, गेले हे कळावं म्हणून.

आज विहिरीवर गेलो. वीस-पंचवीस पोरं, नुसता कल्लोळ. मामंजी कमरेएवढ्या पाण्यात पायरीवर उभे, अंगावर पाणी निथळतंय, आणि पोरांना असे दटावत होते की वॉर्डात चादरीखाली पडलेला माणूस हाच का, असं वाटावं.

केसरच्या पाठीला भोपळा बांधला. ती पाण्यात उतरली आणि पायरीचा दगड दोन्ही हातांनी धरून बसली. सोडेचना. मी वरून सांगत होते, "केसर, घाबरू नको. हात सोड. मी आहे ना इथं. पाय मार. नाकात पाणी जाऊ देऊ नको. हात सोड म्हटलं ना!" ती माझ्याकडं बघून जास्तच घट्ट धरायची.

मामंजींनी मान वर केली. माझ्याकडं नाही, माझ्याशेजारी बसलेल्या बजाबाईकडं बघितलं. म्हणाले, "अगं, सुनंला म्हनावं, तू जरा चिंचंखाली जाऊन बस. आईसमूर पोर हात सोडत न्हाय."

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मग बजाबाईला हसू आलं, मलाही आलं. आणि मला वाटतं, मामंजीही हसले, पण मी पदर खाली ओढला होता म्हणून नक्की सांगता येत नाही.

गेले. चिंचेखाली विहिरीकडं पाठ करून बसले. बजाबाई आली आणि माझा हात धरून बसली, मी उठून पळू नये म्हणून. पोरांचा गलका ऐकू येत होता. मग तोही थांबला. माझ्या तोंडावर आलं होतं, झालं का? ओठ दातांखाली धरले. एक, दोन, तीन करत मी आकडे मोजत बसले. शंभर झाले, दोनशे झाले. दोनशे तीसपर्यंत आले असेन.

मग पाण्यात धपकन आवाज झाला, पोरं किंचाळली, आणि सगळ्यांच्या वरून केसरचं हसणं आलं, पार विहिरीच्या मधोमध असल्यासारखं घुमत.

आणि त्यापाठोपाठ मामंजींचा आवाज, खणखणीत, "सूनबाई, झालं गं!"

बजाबाईला मध्ये न घालता ते मला पहिल्यांदाच काही बोलले.